निम्म्या मुलांचा हिशेब

2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ सुरू होती आणि शेजारच्या काही शहरांतही रुग्ण सापडू लागले होते. त्यांपैकी एका शहराच्या महापालिकेत, साथरोग कक्षात, मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत होते. डिसेंबरमधल्या एका सकाळी, कार्यालयात पाऊल ठेवते न ठेवते तोच, एका वस्तीतल्या आरोग्यसेविकेचा फोन आला. अंगणवाडीत लसीकरणाचे सत्र लावले होते, लसींचा डबा वेळेवर पोचला होता, आशाताई घरोघर जाऊन सांगून आल्या होत्या; पण दहा वाजून गेले तरी दोनच आया मुलांना घेऊन आल्या होत्या. "मॅडम, सगळ्यांच्या मोबाइलवर पेपरातलं कात्रण फिरतंय. आम्हालाच वाचून दाखवतात," सिस्टर म्हणाल्या.

कात्रण मलाही लगेच पोचले. गोवर झालेल्यांपैकी निम्मी मुले लसवंत, असा मथळा होता आणि खाली आमच्याच शहराचे नाव होते. बातमीत लशीविरुद्ध एक शब्दही नव्हता. किंबहुना शेवटच्या परिच्छेदात पालकांनी मुलांना लस द्यावी असे आवाहनही होते. परंतु मथळा वाचणारा शेवटच्या परिच्छेदापर्यंत जात नाही, आणि कात्रण मोबाइलवर पाठवणाऱ्याने तो परिच्छेद कापूनच टाकला होता.

साहेबांनी दुपारपर्यंत खुलासा तयार करायला सांगितले. मला फारसा विचार करावा लागणार नाही असे वाटले, कारण या मथळ्याचे उत्तर वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून मला तोंडपाठ होते. एखाद्या वस्तीत 100 मुले आहेत, त्यांतील 85 मुलांना लस मिळाली आहे आणि 15 जणांना नाही, असे समजा. नवव्या महिन्यात दिलेल्या एका मात्रेने साधारण 85 टक्के मुलांना संरक्षण मिळते, असे मानले जाते. गोवराइतका सांसर्गिक आजार अशा वस्तीत शिरला तर लस न घेतलेली पंधराच्या पंधरा मुले आजारी पडू शकतात, आणि लस घेतलेल्या 85 पैकी, मात्रा लागू न पडलेली, सुमारे 13. म्हणजे 28 आजारी मुलांत 13 लस घेतलेली, जवळजवळ निम्मी. हीच लस 95 मुलांना मिळाली असती तर आजारी मुले एकोणीसच असती, पण त्यांतली 14 लस घेतलेली निघाली असती. आजार कमी आणि मथळा मात्र आणखी भयंकर. पंधरापैकी पंधरा एकीकडे आणि पंच्याऐंशीपैकी तेरा दुसरीकडे, ही तुलना सोडून बातमीने आजारी मुलांचीच आपसात वाटणी केली होती. अंश दोन्ही छापले होते, छेद एकही नव्हता.

हे सगळे मी एका दमात लिहून काढले आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, स्वतःवर थोडी खूशही झाले. खुलाशाला वजन यावे म्हणून आपल्या शहरातील मुलांचे नेमके आकडे घालावेत, एवढाच हेतू ठेवून मी रुग्णांची नामावली उघडली, आणि तिथे माझा खुलासा थांबला.

प्रयोगशाळेच्या तपासणीत निश्चित झालेली 22 मुले त्या यादीत होती. बातमीतील निम्मी म्हणजे त्यांतील अकरा. ही वाटणी बातमीदाराने केलेली नव्हती. आमच्या कक्षाने आदल्या दिवशी काढलेल्या पत्रकात ती जशीच्या तशी होती, लस घेतलेली 11 आणि न घेतलेली 11. मूळ नामावलीत मात्र लसीकरणाच्या रकान्यात तीन प्रकारच्या नोंदी होत्या: होय, नाही आणि माहीत नाही. पत्रकाच्या नमुन्यात दोनच रकाने असल्यामुळे तिसऱ्या प्रकारच्या मुलांचे काय केले, असे मी संगणकावर नोंदी करणाऱ्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "आईनं डोस दिलाय म्हटलं असेल तर होय मध्ये टाकतो, मॅडम. नाहीतर नाही मध्ये." त्याचे चुकले असे मला म्हणता येईना. दोन रकान्यांत 22 ची बेरीज जुळवून देणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने केले होते.

मी खुलाशाचा कागद बाजूला ठेवला, यादी घेतली आणि सिस्टरांना घेऊन वस्तीत गेले. सगळ्या बावीस घरी त्या दिवशी जाणे शक्य नव्हते. होय या रकान्यातील अकरा घरे आधी घेतली, उरलेल्यांपैकी जमतील तितकी नंतर, आणि बाकीच्यांकडे दुसऱ्या आरोग्यसेविका गेल्या.

मुलाला गोवराची लस मिळाली आहे का, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. माता व बाल संरक्षण कार्ड घरात असेल तर दोन मिनिटांचे काम. पण कार्ड पावसात भिजलेले असते, गावी राहिलेले असते, घर बदलताना हरवलेले असते. मग आईच्या आठवणीवर जावे लागते, आणि आईच्या लेखी सगळ्या सुया सारख्या. एका बाईंनी मला ठामपणे सांगितले, "सब सुई हो गई." त्यांचे बाळ सात महिन्यांचे होते. नवव्या महिन्यात द्यायची लस त्याला मिळणे शक्यच नव्हते. त्याला मिळाली होती ती मांडीत द्यायची पंचगुणी लस आणि पोलिओ. तरीही आमच्या पत्रकात ते बाळ लसवंत होते.

आमच्या सिस्टरांची यावर एक जुनी युक्ती आहे. बीसीजी डाव्या दंडावर देतात, गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर, म्हणून त्या विचारतात की उजव्या दंडावर टोचले होते का. ऐकायला युक्ती चांगली आहे, परंतु पोलिओच्या टोचून द्यायच्या लशीची छोटी मात्रा सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात उजव्याच दंडावर देतात, त्यामुळे होकार मिळाला तरी तो गोवराचा असेलच असे नाही. देशपातळीवरच्या सर्वेक्षणालाही या अडचणीतून सुटका नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 12 ते 23 महिन्यांच्या मुलांच्या पूर्ण लसीकरणाचे दोन आकडे आहेत: कार्ड किंवा आईची आठवण यांपैकी काहीही धरले तर 76.4 टक्के, आणि फक्त कार्ड असलेल्या मुलांपुरते पाहिले तर 83.8 टक्के. दोन्ही आकडे त्याच सर्वेक्षणातले आहेत. कोणता छापायचा हे बातमी लिहिणारा ठरवतो, आणि कंसातली अट बहुतेक वेळा जागेअभावी गळते.

दिवसातला सर्वांत अवघड भाग पुढे होता. अकरांपैकी तीन मुलांच्या कार्डावर लशीची नोंद होती, तारीखही होती. पण ती साथ सुरू झाल्यानंतरच्या मोहिमेतील होती. जोखमीच्या वस्त्यांत 9 महिने ते 5 वर्षे वयाच्या मुलांना एक जादा मात्रा द्यावी असा सल्ला केंद्राने नोव्हेंबरमध्ये राज्याला दिला होता. ज्यांची आधीची मात्राच झाली नव्हती अशा मुलांनाही त्या मोहिमेत लस मिळाली, आणि ही तीन मुले त्यांतलीच होती. गोवराचा संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. यांतील दोघांना पुरळ उठले ते लस दिल्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी, म्हणजे टोचले तेव्हा आजार त्यांच्या अंगात आधीच होता. त्यांना लस घेऊनही गोवर झालेली मुले म्हणणे म्हणजे पूर आल्यानंतर बांधलेल्या बांधाला पुराचा दोष देण्यासारखे होते.

तिसऱ्या मुलाला पुरळ उठले होते नवव्या दिवशी. या लशीनंतर साधारण सात ते बारा दिवसांत थोड्या मुलांना हलका ताप आणि पुरळ येते, आणि आपण तपासतो ती प्रतिपिंडाची चाचणी लशीमुळेही होकारार्थी येते. रानातला विषाणू की लशीतला, हे घशातील नमुन्यावरून विषाणूचा जनुकीय प्रकार पाहिला तरच कळते. त्या मुलाच्या घशातील नमुना घेतलेलाच नव्हता. तो आता घेऊन उपयोग नव्हता. हे मूल खणखणीत बरे होऊन अंगणात पतंगाच्या दोऱ्यात गुंतले होते, आणि मी त्याच्या कार्डाकडे पाहत उभी होते.

चूक एकाच दिशेने झाली असती तर मला सोपे गेले असते. नाही या रकान्यातील एका मुलीच्या आईने उत्तर प्रदेशातल्या सासरी फोन लावला आणि अर्ध्या तासात तिच्या कार्डाचा फोटो मोबाइलवर आला. त्यावर पहिल्या मात्रेची स्पष्ट नोंद होती. ती मुलगी लस घेतलेली होती आणि आम्ही तिला न घेतलेल्यांत मोजले होते. त्याच रकान्यातील चार बाळे नऊ महिन्यांच्या आतली होती. त्यांची लस चुकली नव्हती, त्यांची वेळच आली नव्हती. पण वाचकाला त्यांचे आईबाप हलगर्जी वाटले असणार.

संध्याकाळी सहा वाजता हिशेब असा लागला. साथीच्या आधी लस घेतल्याची कार्डावर नोंद असलेली मुले 6, त्यांतील दोन मात्रा झालेले एकच. लस न मिळालेली, किंवा संसर्ग झाल्यानंतर मिळालेली, 13. आणि ज्यांच्याविषयी काहीच म्हणता येत नाही अशी 3, दोन हरवलेल्या कार्डांची आणि एक त्या नवव्या दिवसाचे. अकरा आणि अकरा ही वाटणी कुठेच नव्हती.

आता सकाळच्या माझ्या खुलाशाकडे पाहिले तेव्हा मला ओशाळल्यासारखे झाले. त्यातले गणित बरोबर होते. पण ज्या निम्म्याचे समर्थन मी इतक्या सफाईने केले होते तो निम्माच खोटा होता. तो खुलासा तसाच गेला असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते. शिवाय त्यात मी शहरातील लसीकरणाचे प्रमाण लिहिण्यासाठी जागा सोडली होती, आणि ती भरायला गेले तर एका आरोग्य केंद्राच्या नोंदीत ते शंभर टक्क्यांच्या वर दिसत होते. 2021 ची जनगणना झालेली नसल्याने वस्तीतील मुलांची अपेक्षित संख्या 2011 च्या आकड्यांवरूनच पुढे ताणलेली होती. दरम्यान वस्तीत किती कुटुंबे आली आणि गेली याचा पत्ता त्या संख्येला नव्हता. बातमीत छेद नाही म्हणून मी तावातावाने लिहिले होते आणि माझ्यापाशीही धड छेद नव्हता.

बातमीदाराला मी फोन केला. तो तरुण होता आणि माझ्या अपेक्षेपेक्षा शांत. "मॅडम, तुमच्या पत्रकात 11 आणि 11 आहे. मी वेगळं काय छापलं?" असे त्याने विचारले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. एका बाबतीत मात्र त्याचे चुकले होते: बातमीच्या पहिल्या ओळीत शहरातील रुग्णसंख्या म्हणून त्याने ताप आणि पुरळ असलेल्या सर्व संशयितांचा आकडा दिला होता, आणि लसीचे प्रमाण मात्र निश्चित झालेल्या बावीस मुलांवरून. दोन वेगळ्या याद्यांतले आकडे एका वाक्यात शेजारी बसले होते. हे त्याने लगेच मान्य केले. मी त्याला 10 जून 2021 ची आठवण करून दिली. त्या दिवशी देशातील कोरोनाच्या एका दिवसातील मृत्यूंचा आकडा 6,148 इतका आला, कारण बिहारने फेरतपासणीनंतर आपले जुने मृत्यू एकदम जोडून एकूण संख्या 5,458 वरून 9,429 वर नेली होती. काही ठिकाणी ते कारण ठळकपणे दिले गेले, काही ठिकाणी नुसताच उच्चांक. तो म्हणाला, "म्हणजे चूक सरकारी कागदात होती, आणि शिव्या आम्ही खाल्ल्या." यावरही माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते.

साहेबांचे म्हणणे वेगळे होते. खुलाशात वृत्तपत्राने चुकीचा अर्थ लावला एवढेच म्हणावे, आपल्या पत्रकाचा उल्लेख कशाला, असे त्यांचे मत होते. त्यांची अडचण मला कळत होती. साथीच्या ऐन भरात कार्यालयाने स्वतःचा आकडा मागे घेणे म्हणजे उद्याच्या प्रत्येक आकड्यावर प्रश्न ओढवून घेणे. पण बातमीदाराकडे आमच्या सहीशिक्क्याचे पत्रक होते, आणि ते त्याने शेजारी छापले असते तर काय, एवढेच मी विचारले. शेवटी कक्षाच्या पत्रकातील लसीकरणाची विभागणी अपुऱ्या माहितीवर आधारित होती, ती पुढीलप्रमाणे सुधारण्यात येत आहे, असे एक लांबलचक वाक्य तयार झाले आणि त्यावर त्यांनी सही केली. 100 मुलांचे गणितही मी खाली ठेवले, फक्त त्याच्या आधी समजा हा शब्द ठळक केला.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, चार ओळींत आली. गणित त्यात नव्हते. कात्रण पुढे आठवडाभर मोबाइलवर फिरत राहिले. त्या अंगणवाडीतील सत्र आम्ही चार दिवसांनी पुन्हा लावले, आणि या वेळी सिस्टरांनी सोबत ती चार ओळींची दुरुस्ती नेली नाही. ज्यांच्या मुलांना गोवर होऊन गेला होता अशा दोन आयांना त्यांनी बसायला बोलावले. त्यांचे ऐकून किती जणी आल्या आणि आशाताई पुन्हा दारोदार फिरल्या म्हणून किती, हे सांगता येणार नाही.

आमच्या रोजच्या तक्त्यात मी तिसरा रकाना वाढवला. वरच्या कार्यालयाकडे पाठवायच्या नमुन्यात मात्र तो नव्हता, आणि पहिल्याच संध्याकाळी नोंदी करणाऱ्या मुलाने येऊन विचारले की माहीत नाही असलेली तीन मुले पाठवताना कुठे टाकू. नमुन्याच्या तळाशी शेरा म्हणून रिकामी जागा होती. तिथे ती तीन मुले लिहिली. बेरीज जुळत नाही म्हणून वरून फोन आला, तो मी घेतला.