एका थांब्याला किती चमचे

पुण्यात नळ स्टॉप चौकात मान वर केली की तीन मजले दिसतात. खाली सिग्नलला ताटकळलेला कर्वे रस्ता, मधल्या मजल्यावर पूल, त्याच्यावर मेट्रो. गाड्या पेट्रोल कशावर खातात, या प्रश्नाला सगळे 'चालण्यावर' म्हणतात. इथे पाच मिनिटं उभं राहिलं की उत्तर बदलतं. गाड्या थांबण्यावर खातात.

खालच्या मजल्यापासून सुरू करू. स्कूटर आणि माणूस मिळून 180 किलो धरा, वेग ताशी 40. या वेगात साठलेली ऊर्जा भरते साधारण 11 किलोज्यूल. ब्रेक दाबला की तेवढी सगळी ड्रम तापवण्यात जाते. सिग्नल सुटल्यावर ती पुन्हा कमवायची, आणि शहरी रहदारीत पेट्रोलमधला जेमतेम सहावा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. म्हणजे 65 किलोज्यूलचं, सुमारे 2 मिली पेट्रोल. शिवाय दीड मिनिट इंजिन नुसतं फुरफुरत राहिलं तर तासाला 150 ते 200 मिलीच्या हिशेबाने आणखी 4-5 मिली. चहाचा चमचा पाच मिलीचा. एका सिग्नलला सव्वा चमचा. घर ते ऑफिस असे दहा सिग्नल लागले, तर लिटरला 45 देणाऱ्या स्कूटरचं तीन किलोमीटरचं पेट्रोल जागच्या जागी संपलं.

सिग्नलवरचा सेकंदांचा आकडा तीसच्या वर असेल तर इंजिन बंद करावं, पाच-सात सेकंद उरले की चालू करावं. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी संगणक पेट्रोल मोजून देतो अशा गाडीला त्याचं काही जास्तीचं लागत नाही. मात्र बॅटरी थकलेली असेल तर हिरवा दिवा लागल्यावर नुसतं कट-कट ऐकू येतं, किक बऱ्याच नव्या गाड्यांना नसतेच, आणि मागचे हॉर्न वाजवून आपली कुंडली मांडतात. तेव्हा आधी बॅटरी बघा.

काही थांबे तर दिसतसुद्धा नाहीत. हवा भरायला गेलं की पोऱ्या विचारतो, "तीस-तीस मारू?" आपण मान डोलावतो. नेहमीच्या 110 सीसी स्कूटरला पुढे 22, मागे एकट्यासाठी 29 आणि डबलसीट असेल तर 36 लागते. तीस-तीसमध्ये पुढचं चाक दगडासारखं होऊन पेव्हर ब्लॉकवर उड्या मारतं, पावसात घसरतं. आणि मागे दोघं बसले की टायर बसका होऊन रस्त्याला चिकटत चालतो. हवा गाडी थंड असताना बघावी. उन्हातून दहा किलोमीटर आलेल्या टायरचा काटा तीन-चार पॉइंट जास्त दाखवतो, आपण खूश होतो आणि हवा कमीच राहते.

दुसरा छुपा थांबा ब्रेकशूचा, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचा. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, मागचं चाक हाताने फिरवा. खसखस आवाज करत लगेच थांबलं तर शू ड्रमला घासतोय. ब्रेक 'टाइट' करून घेण्याची हौस आपल्याकडे फार. लिव्हरला एक ते दोन सेंटिमीटर ढील हवीच. ब्रेकचा नट अर्धा आटा सैल करून पुन्हा फिरवून बघायचं, आणि ब्रेक नीट लागतोय ना याची खात्री गल्लीत करायची, चौकात नाही.

उतारावर न्यूट्रल मारणं हाही जुना पुणेरी हिशेब. चांदणी चौकातून वनाजकडे उतरताना इंजिन पार बंद करणारे महाभागही भेटतात. कार्बोरेटरच्या काळात न्यूट्रलला थोडा अर्थ होता. इंजेक्शनच्या गिअरवाल्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच उतरलं तर इंधन पूर्ण तुटतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

आता बस. भरलेली बारा मीटरची बस पंधरा टनांची धरली तर ताशी 40 वरून तिच्या एका थांब्यात स्कूटरच्या ऐंशीपट ऊर्जा जाते. सीएनजीच्या भाषेत साठ-सत्तर ग्रॅम. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वेग 40 वरून 20 वर आला तरी तीन चतुर्थांश गेलीच. बसच्या नाकासमोरून सर्रकन आत घुसणारा स्कूटरवाला स्वतःचे दोन मिली वाचवतो आणि बसचा पन्नास ग्रॅम गॅस घालवतो. त्यात साठ जणांचा वाटा असतो. तरीही बसच स्वस्त पडते, कारण किलोला तीन किलोमीटर धावणारी बस साठ जणांना नेते म्हणजे माणशी हिशेब 180 किलोमीटरचा होतो. ती रिकामी धावली की हा हिशेब कोसळतो, हेही खरं.

पुण्यात 2019 पासून इलेक्ट्रिक बस आल्या. त्यांची मोटर ब्रेक मारताना उलटी जनरेटर होते आणि थांब्यातली बरीच वीज बॅटरीत परत जाते. म्हणून चौकाचौकात अडखळणाऱ्या शहरात इलेक्ट्रिकचा फायदा मोकळ्या हायवेपेक्षा जास्त दिसतो. नळ स्टॉपच्या वरच्या मजल्यावरही हेच चाललेलं असतं. स्टेशनात शिरणारी मेट्रो आपला वेग वीज करून 25 हजार व्होल्टच्या तारेत सोडते आणि त्याच वेळी पुढे कुणी सुटत असेल तर ती वीज त्या गाडीला मिळते.

मधल्या मजल्यावर कुणी थांबत नाही, निदान पूल उतरेपर्यंत.

आणि खाली, डाव्या कडेला, एक सायकलवाला. सायकल धरून 75 किलो, वेग ताशी 15, त्याचा थांबा फक्त साडेसहाशे ज्यूलचा. पण तो फेडायचा मांडीने. म्हणून तो आकडा लांबूनच वाचतो, पायडल सोडून देतो आणि हळूहळू येत राहतो. तीन, दोन, एक. सिग्नल सुटतो तेव्हा त्याचा पाय जमिनीला लागलेला नसतो.