कुणीतरी खाली हवाच

चवथ तोंडावर आलेली, स्वयंपाकघरात नेवऱ्यांचा घाणा चाललेला आणि मी गोव्यात डिचोलीच्या घरात माडीवर लॅपटॉप उघडून बसलेला. रात्रीचे साडेनऊ, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ. वार्षिक रेटिंगचं कॅलिब्रेशन होतं. कंपनी मोठी आहे, नाव घेत नाही.

आम्ही मॅनेजर आपापल्या माणसांना रेटिंग देतो, मग सगळे मिळून ते कर्व्हवर बसवतात. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चनी हा प्रकार गाजवला : २० टक्के वरचे, ७० टक्के मधले, १० टक्के खालचे. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये तो सोडूनही दिला. आमच्याकडेही कागदोपत्री कर्व्ह नाही. बैठकीत मात्र 'डिस्ट्रिब्युशन हेल्दी दिसत नाही' असं म्हणतात. अर्थ तोच.

माझ्या टीममध्ये खाली कुणी नव्हतं. तसं मी सांगितलं. "असं कसं?" म्हणत सगळे एक्सेल शीटवर उतरले आणि साखळी गावच्या एका मुलीच्या ओळीवर थांबले. तिचा इम्पॅक्टचा, म्हणजे कामाचा परिणाम दाखवायचा, रकाना जवळजवळ कोरा होता. बिलिंगचा जुना डेटाबेस नव्या क्लस्टरवर नेण्याचं काम तिने केलं होतं. त्याआधी शनिवार-रविवारी मध्यरात्री हमखास ऑन-कॉलचा, म्हणजे बिघाड झाला म्हणून उठवणारा, फोन वाजायचा. नंतर वाजेनासा झाला. आता न वाजलेल्या फोनचा ग्राफ कुठून आणायचा? शेजारच्या टीममधल्या एकाने प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम, पाडलं, रात्रभर जागून उभं केलं, त्याला कौतुकाची मेल गेली. त्याच्या रकान्यात ग्राफच ग्राफ.

हे सगळं मी बोललो, जरा चढ्या आवाजातच. कुणीतरी म्हणालं, "तिची व्हिजिबिलिटी कमी पडते." मी तोंड उघडणार तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे पावसाळ्यात हे नवं नाही. इन्व्हर्टर आहे, पण राउटर बंद होऊन परत सुरू होतोच. मी परत जोडला गेलो तेव्हा पुढच्या टीमची चर्चा चालली होती. तिचा रकाना पिवळा झालेला, म्हणजे खालचं रेटिंग.

त्याच रात्री मेल लिहिली. एचआरचं उत्तर आलं : बैठकीच्या नोंदीत तुमचा आक्षेप दिसत नाही, सबब रेटिंग कायम. 'तांत्रिक अडचणीची नोंद घेतली आहे' असंही वर.

तिला हे मेलवरून कळू नये म्हणून चवथ झाल्यावर म्हापशात भेटलो. बैठकीत काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. एचआर अशा वेळी 'फीडबॅक द्या' म्हणते. तसला फीडबॅक माझ्याकडे नव्हता. ती रडली नाही, चिडलीही नाही. चहा संपवून म्हणाली, "सर, मग पुढच्या वर्षी थोडं बिघडू देऊ? म्हणजे दुरुस्त करताना दिसेन तरी."

मी म्हटलं, "दुसरीकडे बघ. माझं रेफरन्स लेटर तयार आहे."

पगार, रात्रीचे कॉल, बेंगळुरूला परत या म्हणून येणारा तगादा, या सगळ्यावर आमची माणसं कुरकुरतात, पण राहतात. ती मात्र वर्षअखेरीस पर्वरीतल्या एका छोट्या कंपनीत गेली, पगार कमी घेऊन. तिच्या जागी मी एक माणूस मागितला होता. कामाची यादी वाचून वरून दोन मंजूर झाले.