संशोधनाचे जंगल विकताना

आज शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरताना वनस्पतीशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने अमेरिकेतील हॉफमन जंगलाचा विषय काढला आणि दिवसभर तो मनातून गेला नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या वनशास्त्र शाखेसाठी १९३४ मध्ये घेतलेले, सुमारे ७९,००० एकरांचे हे जंगल १५ कोटी डॉलरना विकण्याचा करार २०१३ मध्ये जाहीर झाला; ती रक्कम गुंतवल्यास लाकडापेक्षा अधिक उत्पन्न मिळेल, असे समर्थन होते. त्याच विद्यापीठातील वनशास्त्राच्या एका प्राध्यापकासह काही जण न्यायालयात गेले, आधी पर्यावरणावरील परिणाम तपासा अशी त्यांची मागणी होती, आणि २०१४ च्या अखेरीस व्यवहार मोडला. उत्पन्नाचा मुद्दा मी क्षुल्लक मानत नाही, कारण शिष्यवृत्त्यांनाही पैसा लागतोच. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी ज्या जमिनीशी बांधलेल्या असतात ती हातची गेली, की जुनी वही तेवढी उरते आणि पुढची नोंद कायमची थांबते. आपल्या कोल्हापुरातही विद्यापीठाची ‘एवढी जागा नुसती पडून आहे’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी एकदा तिथल्या वनस्पती उद्यानात, सह्याद्रीतील दुर्मीळ झाडे जपली जातात तिथे, आग्रहाने घेऊन जाणार आहे.