सासऱ्यांसोबत ‘पर्स्वेशन’

जेन ऑस्टिनचं ‘पर्स्वेशन’ एकदाचं संपलं. चोवीस प्रकरणं, बारा-बाराचे दोन खंड. जोडीनं मोठ्यानं वाचायला ऑस्टिनचं हेच पुस्तक सगळ्यांत सोयीचं, असं आता माझं ठाम मत झालंय. ‘एमा’ याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

वाचणारे दोघं : मी आणि माझे सासरे. बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमधून निवृत्त झालेले. पेपर, दिवाळी अंक आणि लढायांच्या आठवणी एवढंच त्यांचं वाचन. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण नको म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं. प्रेमकथा म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. नायक आरमारात कप्तान आहे म्हटल्यावर खुर्ची जवळ ओढली. वाचलं मूळ इंग्रजीच. त्यांचं इंग्रजी पक्कं आहे, पण ऑस्टिनबाई अर्धविरामांवर अर्धविराम देत वाक्य लांबवतात. तसं झालं की मी थांबून मराठीत सांगायचे.

प्रकरण १ ते ३

सुरुवात जड जाते, धीर धरा. सर वॉल्टर एलियट डोक्यावर कर्ज असताना सरदार घराण्यांच्या वंशावळीतलं स्वतःचंच पान उघडून बसतो. वाडा भाड्यानं द्यायची वेळ येते, तेव्हा आरमारी अधिकारी भाडेकरू नको म्हणून त्याचे दोन आक्षेप : तिथं कुणाही सोम्यागोम्याला मोठेपणा मिळतो, आणि खाऱ्या वाऱ्यानं माणसाचा चेहरा रापतो. बाबा इतके हसले की सासूबाई आतून बघायला आल्या.

भाडेकरू ठरतो ॲडमिरल क्रॉफ्ट. ट्रफाल्गरच्या लढाईत होता, नंतर ईस्ट इंडीजकडे. बाबांचा पहिला प्रश्न, “साल कुठलं?” १८१४ चा उन्हाळा. नेपोलियन एल्बा बेटावर, तह झालेला, अधिकारी अर्ध्या पगारावर घरी परतलेले. मी हे पुस्तक कॉलेजात वाचलं होतं, पण एवढे कप्तान एकाच वेळी गावात कसे उगवले हे तेव्हा कधी मनातही आलं नव्हतं.

प्रकरण ४

इथं भांडण पेटलं. १८०६ साली सर वॉल्टरची मधली मुलगी ॲन एकोणीस वर्षांची, आणि आपला नायक वेंटवर्थ, त्याच्याकडे ना पैसा ना स्वतःचं जहाज. आईच्या जागी असलेली लेडी रसेल तिची समजूत घालते आणि ठरलेलं लग्न मोडतं. आठेक वर्षांनी तो पंचवीस हजार पौंड कमावून परत येतो. ॲन सत्तावीस वर्षांची, अजून अविवाहित.

बाबा थेट लेडी रसेलच्या बाजूनं. “लढाई चालू, हातात काही नाही. तू तुझी मुलगी दिली असतीस?” मी म्हटलं, मुलीला विचारलं असतं. “विचारलंच की! ती हो म्हणाली ना मोडायला?” त्या दिवशी पुढचं प्रकरण वाचलंच नाही.

प्रकरण ८

सगळ्यांत जास्त वेळ इथं गेला, आणि त्याचं श्रेय माझं नाही. ॲनच्या धाकट्या बहिणीच्या नणंदा, मसग्रोव्ह बहिणी, आरमाराची यादी काढून वेंटवर्थची जहाजं शोधतात. पहिलं ‘ॲस्प’, जुनं, मोडकळीला आलेलं. मग ‘लॅकोनिया’, ज्यावर त्याचं नशीब उघडलं. हा पैसा पगाराचा नव्हे, शत्रूची जहाजं पकडली की मिळणाऱ्या बक्षिसाचा. रकमेचे आठ भाग व्हायचे. १८०८ पर्यंत कप्तानाला त्यातले तीन, पुढे दोन, आणि त्याच्यावर ॲडमिरल असेल तर त्याला कप्तानाच्या भागातूनच हिस्सा. “आणि खलाशी?” बाबांनी विचारलं. शेकडो माणसांत उरलेलं वाटायचं. “म्हणजे कुठंही गेलं तरी तेच,” असं म्हणून ते मुंबईच्या गोदीतल्या डंकन डॉकवर घसरले. १८१० साली तिथून ‘मिंडेन’ पाण्यात उतरलं, वाडियांनी सागवानात बांधलेलं, इंग्रजांच्या आरमारासाठी. १८१३ साली मुंबईतच ‘कॉर्नवॉलिस’. म्हणजे ॲन झुरत होती ती वर्षं आणि ही एकच. कादंबरीत यातलं काही नाही, पण वेंटवर्थच्या बढाया आता मला वेगळ्या ऐकू येतात.

याच प्रकरणात मिसेस क्रॉफ्ट आहे. बोटीवर बायका नकोत असं वेंटवर्थ म्हणतो आणि त्याची ही सख्खी बहीण त्याला धुऊन काढते. चार वेळा अटलांटिक ओलांडला, ईस्ट इंडीजला एकदा जाऊन आले, आजारी पडले ती फक्त नवऱ्याशिवाय किनाऱ्यावर काढलेल्या हिवाळ्यात, असं तिचं म्हणणं. पुस्तकातली सुखी जोडपी मोजा, क्रॉफ्टच पहिले येतील.

प्रकरण ९ ते १२

वेंटवर्थ ॲनच्या पाठीवर चढलेल्या द्वाड पोराला उचलून घेतो. ती दमलीय हे ओळखून तिला क्रॉफ्टच्या गाडीत बसवतो. दोन्ही वेळा धड एक वाक्य बोलत नाही. घाईनं वाचलं तर हे निसटतं. मी जरा थांबले, तर बाबा म्हणाले, “बोलत नाही, काम करतो. बरा आहे मुलगा.”

लाइम या समुद्रकाठच्या गावी धक्क्यावर मसग्रोव्ह बहिणींपैकी लुइझा पायऱ्यांवरून उडी मारते तो प्रसंग ऐकून मात्र ते भडकले. समुद्राकाठच्या पायऱ्यांवर असला फाजीलपणा! बघे आणि कप्तान गोठलेले असताना डॉक्टरला बोलवा, हिला आत न्या, हे ॲन सांगते. नायिका म्हणून ती मला इथं पटते.

प्रकरण १३ ते २१

इथून गोष्ट हळूहळू बाथ शहरात जाते. स्पष्ट सांगते, हा भाग रेंगाळतो. एकविसाव्यात ॲनची शाळेतली मैत्रीण मिसेस स्मिथ, ॲनच्या मागे लागलेल्या नात्यातल्या मिस्टर एलियटचं अख्खं पूर्वायुष्य एका बैठकीत ओतते. ते मी सारांशानं उरकलं. अठरावं मात्र गाळू नका. चित्रांच्या दुकानासमोर ॲडमिरल उभा, काचेतल्या चित्रातल्या होडीला हसतोय, असल्या होडीतून डबकंसुद्धा ओलांडणार नाही म्हणतोय. बाबांनी तो परिच्छेद पुन्हा वाचून घेतला.

प्रकरण २३

वेंटवर्थचं पत्र. सासऱ्यांना हे मोठ्यानं वाचून दाखवायचं कसं? मी फोनवर अक्षरं मोठी केली आणि तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी गेटवरची नोटीस वाचावी तसं पत्र खणखणीत वाचलं, एकाही शब्दावर न अडखळता. गंमत म्हणजे त्या आवाजात ते जास्त खरं वाटलं. लिहिणारा कप्तानच आहे, कवी नव्हे.

हा शेवट आधी असा नव्हता. जुलै १८१६ मध्ये ऑस्टिननं पुस्तक संपवलं, मग शेवटची प्रकरणं मोडून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत नव्यानं लिहिली. रद्द केलेली पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बऱ्याच आवृत्त्यांत परिशिष्ट म्हणून मिळतात. जुन्या शेवटात ॲडमिरल वेंटवर्थलाच ॲनकडे निरोप घेऊन पाठवतो. बाबांना तोच आवडला, कारण ॲडमिरलला काम आहे. माझं मत नव्याला. त्यात बायकांच्या निष्ठेबद्दल ॲन वेंटवर्थचा मित्र कप्तान हार्व्हिल याच्याशी स्वतः बोलते, पुस्तकांचा दाखला नको, लेखणी कायम पुरुषांच्याच हाती होती असं सुनावते, आणि ते ऐकत वेंटवर्थ पत्र लिहितो.

मग ॲन म्हणते, सल्ला चुकीचा होता, पण तो ऐकला यात माझं चुकलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा परिच्छेद वाचला : १८०८ साली, हाती थोडे पैसे आणि ‘लॅकोनिया’ आल्यावर मी पुन्हा पत्र लिहिलं असतं तर, असं वेंटवर्थ विचारतो, आणि तिचं उत्तर उघड हो आहे. सहा वर्षं त्याच्या ताठ्यात गेली. “तेही खरंय,” बाबा म्हणाले. लेडी रसेलवर माझं म्हणणं त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

पुढचं पुस्तक ‘मॅन्सफिल्ड पार्क’. त्यात पोर्टस्मथची गोदी आहे, आणि लेखिकेनं आपल्या आरमारातल्या भावाच्या जहाजांची नावं त्याची परवानगी मागून वापरलीत, एवढं मी सांगून बसले. अडतिसाव्या प्रकरणापासूनच सुरू करू, असा बाबांचा आग्रह आहे. मी पहिल्यापासून म्हणतेय. सासूबाईंनी, मीही बसेन पण पहिल्यापासून, असं सांगितल्यामुळे सध्या माझी बाजू वरचढ आहे.