आमची वाटचाल : उद्यमनगरचा गाळा ते शिरोली

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात वडिलांनी किर्लोस्करचा टर्नमास्टर लेथ उभा केला. पुढे एचएमटीचा एनएच २२ लेथ आला. बिडाच्या कास्टिंगला बोअर, म्हणजे मापातलं गोल भोक, मारून द्यायचा, एवढाच धंदा. लेथवर आमचे मिस्त्री. बरा चालला.

२००८ ची मंदी मात्र विसरत नाही. बीड ओतणाऱ्या फौंड्र्यांनी पाळ्या कमी केल्या, त्यातच आमच्या ओळीतल्या एकानं कर्ज काढून सीएनसी, म्हणजे भरलेल्या आकड्यांवर आपोआप चालणारं मशीन, आणलं आणि आमच्या गिऱ्हाइकांना नगामागे दीड रुपया कमी सांगितला. याच माणसाला आमच्याकडून नग धरायचे सॉफ्ट जॉ, भोक मोजायचे बोअर गेज उसने जायचे. एक गेज अजून त्याच्याकडंच आहे. वडिलांची ठेव मोडून पगार दिले. सांगलीकडचे एक पंपवाले शेठ तेवढे हलले नाहीत. "मिस्त्री हायत तोवर माल तुमच्याकडंच," म्हणाले आणि ॲडव्हान्स धाडला. त्यात भर घालून जुनं, फॅनुक कंपनीच्या कंट्रोलचं सीएनसी घेतलं.

आता मिस्त्रींचं काय काम, असं सगळे म्हणायचे. ३५ एच ७ चा बोअर, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या वर शून्य ते २५ मायक्रॉनचा खेळ; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इन्सर्ट, म्हणजे कापणारा तुकडा, झिजेल तसा बोअर बारीक पडत जातो, मशीन सांगितलेल्या आकड्यावरच जातं. मिस्त्री गेज फिरवून बघायचे, "धाकटे मालक, एक्सला दहा मायक्रॉन द्या." एक्स म्हणजे व्यासाचा आकडा. पातळ कडेला बीड लवकर गार होऊन चिल पडलेलं, म्हणजे फार कडक झालेलं असलं, की कापताना आवाज चिरका होतो. मिस्त्री पाठ करून तंबाखू मळत असले तरी "फीड होल्ड!", म्हणजे कापणं थांबवा, म्हणून ओरडायचे.

शेजाऱ्याकडं महिन्याला नवा ऑपरेटर. चिलवाला लॉट आला, इन्सर्ट उडाले, तरी सायकल चालूच. निम्मा माल रिजेक्ट. गिऱ्हाइकं परत आली. जुन्या भावात घेतली नाहीत.

मग शिरोलीत जागा, व्हीएमसी म्हणजे उभं मिलिंगचं सीएनसी, ते सगळं झालं.

नव्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी : हप्ता किती बसतो हे नंतर बघा, आधी सेटर, म्हणजे मशीन लावून माप जुळवणारा, कोण ते ठरवा. आणि त्याला मापाचा डायल धरता आला पाहिजे, नुसता कीपॅड नको. सध्या मशीनमध्येच मोजणारा प्रोब बसवा म्हणून सेल्समन मागं लागलाय. प्रोब माप घेतो, चिल ओळखत नाही. तरी घेईन, पण मिस्त्रींच्या पुतण्याचा पगार वाढवल्यावर. आमचा सेटर आता तोच आहे.