नत्र टाकणारे काका आणि नत्र काढणारा पुतण्या

गेली चार वर्षे मी नेदरलँड्समधील एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात काम करतो, आणि सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आलो की ओसरीवरच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की तिकडे नेमके करतोस काय. ‘सांडपाण्यातले नत्र, म्हणजे नायट्रोजन, काढतो,’ असे मी सांगतो. यंदा हे उत्तर माझ्या काकांनी ऐकले तेव्हा ते युरियासाठी कृषी केंद्रापुढे दोन तास उभे राहून नुकतेच परतले होते. ते म्हणाले, ‘‘आमी इथं नत्र टाकाचे पैसे देऊन रायलो, अन् तू तिकडं काढाचे पैसे घेऊन रायला!’’

त्यांना समजावण्यासाठी मी त्यांना गोठ्यात नेले. पावसाळ्यात दार उघडताच नाकात झोंबतो तो अमोनिया, म्हणजे गोमूत्रातल्या युरियाचे पहिले रूप. मातीच्या भिंतीला बैलांच्या मागच्या बाजूस हातभर उंचीपर्यंत लोणा आलेला असतो; बोट फिरवले की पांढरी भुकटी लागते. असल्याच मातीतून पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी शोरा, म्हणजे नायट्रेटचे मीठ, काढत असत. अमोनियापासून शोऱ्यापर्यंतचा हा प्रवास दोन प्रकारचे जिवाणू करतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोघांनाही हवा लागते. ही दोन कामे दोन वेगळ्या जिवाणूंची आहेत, हे सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवले. तिसऱ्या प्रकारचे जिवाणू मात्र हवा संपली की जागे होतात आणि ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करून त्याचा साधा नायट्रोजन वायू करून टाकतात. त्यासाठी त्यांना खायला सेंद्रिय पदार्थ हवे असतात.

आमच्या केंद्रात हेच सारे टाक्यांमध्ये घडवून आणले जाते. एका टाकीत हवा सोडायची, दुसरीत सोडायची नाही, आणि पाणी दोघींमधून फिरवत ठेवायचे. युरोपीय संघाच्या १९९१च्या निर्देशानुसार संवेदनशील भागातल्या मोठ्या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन चालत नाही, कारण तो नदीत गेला की शेवाळ माजते आणि मासे मरतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे, म्हणजे अमोनियाच्या रूपातल्या नायट्रोजनचे, नायट्रेट व्हायला साधारण ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो, म्हणून विजेच्या बिलाचा मोठा वाटा हवा सोडणारे ब्लोअरच खातात. शिवाय हे जिवाणू मुळातच सावकाश वाढणारे. हिवाळ्यात पाणी १० अंशांच्या आसपास आले की ते आणखी मंदावतात, आणि तेव्हा टाकीतला गाळ नेहमीच्या वेगाने काढत राहिलो तर वाढीपेक्षा जास्त जिवाणूच आम्ही बाहेर फेकून देतो.

माझा जीव जडला आहे तो मात्र एका लहान टाकीवर. गाळ कुजवून बायोगॅस काढल्यावर जे पाणी उरते ते सुमारे ३० अंश उष्ण असते आणि त्यात लिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन असतो. या टाकीत ॲनामॉक्स नावाच्या जिवाणूंचे लाल दाणे आहेत. ओंजळीत घेतले तर भिजवलेल्या मसुरीसारखे दिसतात. १९९०च्या दशकात डेल्फ्ट येथे हे जिवाणू उजेडात आले आणि २००२ मध्ये रॉटरडॅमला त्यांची पहिली पूर्ण आकाराची टाकी सुरू झाली. अमोनिया आणि नायट्राइट यांची थेट सांगड घालून ते नायट्रोजन वायू करतात, त्यामुळे निम्म्याच्या आसपास अमोनियाचे नायट्राइट झाले की पुरते, आणि सेंद्रिय खाद्य लागतच नाही. अडचण एवढीच, की त्यांची संख्या दुप्पट व्हायला सुमारे ११ दिवस लागतात आणि हवा त्यांना सोसत नाही. मोठ्या टाकीत ज्यांची मनधरणी करायची ते नायट्रेट करणारे जिवाणू इथे तण ठरतात, कारण ॲनामॉक्सला लागणारे नायट्राइट ते खाऊन टाकतात. आणि या तणावर फवारणी करता येत नाही, कारण जे औषध त्यांना मारील ते बाकीच्यांनाही सोडणार नाही.

मग करायचे काय, तर उपासमार. ऑक्सिजन इतका कमी ठेवायचा की अमोनियावाले कसेबसे भागवतील आणि नायट्रेटवाल्यांना पुरणार नाही. त्यातून पाणी उष्ण असल्याने अमोनियावाले त्यांच्यापेक्षा भराभर वाढतात. मागच्या वर्षी याच नियंत्रणात माझी चूक झाली. ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर बुळबुळीत थर चढला होता. त्या थरातले जिवाणूच ऑक्सिजन खाऊन टाकत असल्यामुळे आकडा खोटाच कमी दिसत होता, आणि ब्लोअर बिचारा आज्ञाधारकपणे हवा वाढवत राहिला. सेन्सर पुसायची पाळी माझी होती, ती मी सोमवारवर ढकलली होती. सोमवारी पाहतो तर अमोनिया तुंबलेला आणि नायट्रेट चढलेले. हवा कमी केली, पण तण रुजून गेले होते.

ते काढले ते उफणून. टाकीतले पाणी एका भोवऱ्यासारख्या यंत्रातून फिरवतात. जड लाल दाणे तळाशी येतात, ते परत टाकीत जातात, आणि ज्यात तणाचे जिवाणू जास्त असतात तो हलका गाळ भुशासारखा वरून निघून जातो. घडी पूर्ववत बसायला पाच आठवडे लागले. ‘‘म्हंजे सुपानं पाखडलं म्हन ना,’’ काका म्हणाले.

बाहेर तिसऱ्या दिवशीही झड लागलेलीच होती आणि खालच्या वावरात पऱ्हाटीच्या तासांत पाणी साचले होते. काळ्या मातीत असे पाणी तुंबले की मातीतली हवा संपते, मग तयार नायट्रेट काही प्रमाणात वायू होऊन उडून जाते, आणि जे पाण्याबरोबर खाली झिरपते ते पुढे विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची आपल्याकडची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणून मी काकांना युरिया आताच टाकू नका, असे सांगणार होतो, पण त्यांनी गोणी आधीच फळीवर चढवून वर ताडपत्री घातली होती. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती, आल्याशिवाय खत टाकू नये, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होते.

‘‘तुह्या त्या टाकीत वाफसा किती ठेवतं?’’ त्यांनी विचारले.

‘‘लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम ऑक्सिजन, काका. त्याहून थोडा कमीच.’’