टाचेवरचं वजन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवला तो विहिरीजवळचा कुस्तीचा मातीचा हौद. काठाला फावडं टेकवून उभे असलेले आपले पी.टी.चे सर. सगळी शाळा त्यांना वस्तादच म्हणायची. हे मनोगत त्यांच्याबद्दलच आहे. इतर गुरुजनांनी राग मानू नये.

वस्तादांना किती डाव येत होते, हे कुणी मोजलं नाही. शिकवायचे मात्र वर्षाला तीनच: पट (समोरच्याचे पाय धरून पाडायचा डाव), बाहेरली टांग आणि धोबीपछाड. पहिले पंधरा दिवस तर डावाचं नावही नाही. सकाळी हौद खणायचा, मग पवित्रा. गुडघे वाकलेले, कंबर खाली, मान वर, आणि दोन्ही पाय कधीही न जुळवता हौदभर सरकायचं. पाय जुळले की काठावरून आवाज यायचा, "पाय देख रे, पाय!" त्यानंतर पडायला शिकायचं. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, तळवा मातीवर आपटायचा. पडताना हात ताठ टेकवणाऱ्या मुलाला ते त्या दिवशी जोडीला उभंच करत नसत. अख्ख्या अंगाचा भार त्या एका हातावर येतो आणि कोपर निखळतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

एका पावसाळ्यातली गोष्ट. नववीतला एक चपळ मुलगा दहावीतल्या धिप्पाड मुलाला धोबीपछाड मारू पाहत होता. मनगट आणि दंड धरायचा, गर्रकन पाठ द्यायची, समोरच्याची काख आपल्या खांद्यावर घ्यायची, आपली कंबर त्याच्या कमरेच्या खाली न्यायची आणि वाकून पुढे टाकायचं. या डावात चुका ठरलेल्या असतात. गुडघे न वाकवता वळलं तर भार कमरेवर येतो. दोघांच्या अंगात फट राहिली तर समोरचा मागून मिठी मारतो. हात खांद्यावर उलटा, कोपर खाली ठेवून ओढला तर सांधा दुखावतो, मग डाव बसो वा न बसो. या मुलाची यातली एकही चूक होत नव्हती. तरी सहा वेळा प्रयत्न केला आणि सहाही वेळा तो मोठा मुलगा खांबासारखा उभा.

वस्ताद हौदात उतरले. खाली बसून त्यांनी त्या मोठ्या मुलाच्या चवड्याखाली दोन बोटं सरकवली. ती अलगद आत गेली. सगळं वजन टाचांवर होतं. "तुझा डाव बरोबर आहे," ते त्या लहान मुलाला म्हणाले, "पण हा पुढे येतच नाही, तर तू त्याला पुढे कसा टाकशील?" मग दोन वाटा दाखवल्या. एक, आधी छातीला रेटा द्यायचा. तो उलट रेटायला लागला की वजन चवड्यावर येतं, तेवढ्या अर्ध्या क्षणात वळायचं. दुसरी, वजन टाचेवरच राहत असेल तर धोबीपछाड सोडून द्यायचा, बाहेरून पाय अडकवायचा आणि त्याला मागेच ढकलायचं. सातव्या वेळी बाहेरली टांग लागली आणि तो मोठा मुलगा पाठीवर पडला. टाळ्या वाजल्या. वस्तादांनी लगेच हात वर करून त्या थांबवल्या. दोघांत बारा किलोचा फरक होता. असा फरक असला की डाव एखाद्या वेळी लागतो, दर वेळी लागत नाही, एवढं सांगून ते वर आले. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत नजरेच्या अंदाजानं जोड लागायचे. तिथे आपला मुलगा फार हलका दिसला की इनाम सोडून ते त्याला सरळ मागे घ्यायचे. आणि वजनगटात बसावं म्हणून कुणाला उपाशी ठेवणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

"दम सरना का डाव सरना," म्हणजे दम संपला की डावही संपला, हे त्यांचं नेहमीचं. परीक्षाही तशीच असायची. शंभर बैठका, आणि श्वास न घेता लगेच तोच डाव दहा वेळा. गुडघे कितव्या वेळी ताठ व्हायला लागतात, ते वहीत लिहायचे. दमलेल्या मल्लाचे आधी गुडघे वाकायचे थांबतात, हात नंतर ढिले पडतात. इथे ते खाशाबा जाधवांचं उदाहरण द्यायचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवणाऱ्या त्या माणसाला जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर विश्रांती न देता सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. डाव तर खाशाबांच्या रक्तात होते, पण दम घ्यायला उसंतच नव्हती.

आज शाळेत मॅट आहे, ते चांगलंच झालं. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, ती मॅटच्या सरावाशिवाय आली नसती. घामेजलेलं मनगट मॅटवर सुटतं, मातीनं माखलेलं सुटत नाही. मॅटवर कपडा धरता येत नाही आणि कुस्ती घड्याळावर चालते. हे वेगळं शिकावंच लागतं. पण मोबाइलवर पाहून वीस डावांची नावं सांगणारी मुलं पाय जुळवून उभी राहतात, तेव्हा जीव तुटतो. हौदावर आता पेव्हर ब्लॉक आहेत. त्या जागेसमोर मी बराच वेळ उभा होतो.

महोत्सव समितीला एकच विनंती: हौद पुन्हा करा, खर्चाचा माझा वाटा मी देतो. फक्त शेतातली काळी माती टाकू नका. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की ढेकळं होऊन गुडघे सोलते. तांबडी माती चाळून गुडघाभर भरायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू आणि काव (गेरू) मिसळायची, रोज खणायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळीच पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर सकाळी धूळ नाकात जाते. पाणी पुरेसं झालं का, हे वस्ताद मूठभर माती हातात घेऊन पाहायचे: वळली की लाडू झाला पाहिजे, आणि बोटानं टिचकी मारली की तो फुटला पाहिजे.